सिस्टरची पारख

सिहोऱ्याच्या एसटी थांब्यावर माझ्या मागे सासू-सून उभ्या होत्या. सून गरोदर होती.

— डॉक्टर नाही त आता सिस्टरच रोग सांगते म्हणे. कालपरेंत सुया उकळत होती.

— सरकारनंच नेमलं तिले, आत्याबाई. माहं बीपी लय वाढलं म्हणते. आजच भंडाऱ्याच्या दवाखान्यात जा, नाही त लेकराले धोका आहे.

— तिथं आपरेशन करून सोडतीन. नसबंदीच्या साली आपल्या गावच्या गोपीचंदले असंच गोड बोलून नेलं.

— माहे पाय सुजले. डोळ्यापुढं अंधारी येते.

— म्हणून त मी तिची पारख केली. धडधाकट असून माहा दंड पुढं केला. मलेही म्हणे, बीपी आहे, भंडाऱ्याले जा. सापडली का नाही लबाडी? येईन त्याले धाडते.

— शेजारच्या बेबीबाईले त तिनंच गोळ्या देऊन घरी पाठवलं.

— बेबीबाईचं सोड.

— आन् तुमी कवापासून दुखते म्हणून डोस्क्याले फडकं बांधून फिरून राहिल्या.

— ते उनानं.

— भंडाऱ्याची गाडी आली. मी चढते. तुमचं तुमी पाहा.

— थांब, हात दे मले. पण तिथं मलेही तपासतीन तवा माहं नाव नको सांगू. तुह्या मायचं सांग.