लागला म्हणायचं राहिलं

वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि तालमीतल्या माझ्या गड्यांनो,

मला इथं उभं केलं ते वस्तादांच्या घरच्या काकींनी. नाहीतर मी मागच्या भिंतीला टेकून होतो आणि तिथूनच बाहेर पडणार होतो. न सांगता निघून जायची माझी सवय तुम्हांला ठाऊक आहे. शाळा मी चौथीतच सोडली. भाषण कधी केलं नाही. काल कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या आता माझ्या मलाच वाचता येत नाहीत. तेव्हा कागद राहू दे.

दौलूतात्या वस्ताद गेले, त्याला आज बारा दिवस झाले. मला कळलं ते नवव्या दिवशी, कऱ्हाडच्या मोटार अड्ड्यावर. मी तिथं कोळशाच्या मोटारीवर क्लीनर आहे. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा निघालेल्या त्या मोटारी. मागं भट्टी असते, ती फुंकावी लागते, चढ आला की उतारूंना उतरून ढकलावं लागतं. मेढ्याच्या घाटात तर एकदा एका नवरदेवानं बाशिंगासकट... पण ते असो. तात्या असते तर आत्ताच म्हणाले असते, "मारत्या, पाय कुठं निघालं तुझं? हिकडं ये."

हिकडं येतो, तात्या.

परगावचे पाहुणे आहेत, म्हणून थोडं सांगतो. आमच्या तालमीत फरी-गदका शिकवतात. फरी म्हणजे हातातली चामड्याची छोटी ढाल. गदका म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी. ती तलवारीसारखी चालवायची. पोरांचा लहान गट असतो, त्यात गदक्याच्या टोकाला लाल काव लावतात. वार लागला की बंडीवर डाग उमटतो. पंच डाग मोजतात. मोठ्या गटात काव नाही. तिथं ज्याला लागलं त्यानंच म्हणायचं, "लागला." ते म्हटलं की दोघांनी गदके खाली करायचे आणि जागच्या जागी उभं राहायचं. वस्ताद "घ्या" म्हणाले की पुन्हा सुरू.

लहान गटात मी तीन वर्षं हरलो नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून सांगतो. मी उंदरासारखा आत शिरायचो आणि वार टाकून बाहेर. माझ्या बंडीवर डाग नसायचा. आमची आई तर म्हणायची, "ह्याची बंडी धुवायलाच लागत न्हाई."

मग लढाई आली. निम्मी तालीम पलटणीत गेली. मोठ्या गटाला माणसं उरली नाहीत आणि लोक तात्यांच्या मागं लागले, मारुतीला मोठ्यांत घाला. तात्या तयार नव्हते.

"आवं वस्ताद, पोरगं तीन साल हरलं न्हाई!"

"व्हय. हात लय चांगला हाय त्येचा. पर त्येला आजून लागला म्हणायला येत न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. एका शब्दात शिकायचं ते काय?

शेवटी लोकांचंच झालं. कोरेगावच्या उरुसात मी मोठ्या गटात उतरलो. समोर होते बाळगोंडाअण्णा. ते तिथं खांबापाशी बसलेत. अण्णा, मान खाली घालू नका. खाली घालायची ती मी.

अण्णा तेव्हाही असेच होते. जड अंग, शांत डोळे. मला वाटलं, हा माणूस बैलगाडीसारखा वळतो, ह्याला मी दोन फेऱ्यांत घेतो. आधी सहा वार घालील त्याचा डाव. पाच-पाच झाले. मला लागलेले पाचही सगळ्यांना दिसलेले, तेव्हा म्हणावंच लागलं. मी आत शिरलो, अण्णा नुसते अर्धं पाऊल मागं सरले, आणि...

आणि काय झालं ते ह्या गावानं आपल्या पद्धतीनं सांगितलेलं आहे. मारुतीनं सहावा वार घातला, मारुती जिंकला. खांद्यावर घेऊन नाचवलं मला. पोरांत जिंकला तसा बाप्यांतही जिंकला, असं म्हणाले. पोरांतले जिंकलेले पुढं मोठ्यांत का टिकत नाहीत, हा आपल्याकडं पारावरचा कायमचा विषय. कोण म्हणतं हाड जड होतं. कोण म्हणतं लग्न झालं की माणूस ढिला पडतो. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, हा एक टिकला बघा.

परत येताना कोरेगाव टेशनात आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. काकींनी दिलेली भाकरी तात्यांनी सोडली. कांदा फोडला. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"मारत्या, तुझ्या वाराआदी तुला लागला व्हता का रं?"

मी म्हटलं, "न्हाई, तात्या."

"बरं."

एवढंच. भाकरीचा मोठा तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि लहान स्वतः खाल्ला. मी तो तसाच फडक्यात बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे वागले. रागावले असते तर बरं झालं असतं! मला म्हणाले, "आता तू मोठ्या गटातला. नव्या पोरांना उभं राहायला शिकीव, लागला म्हणायला शिकीव." मी पोरांसमोर उभा राहिलो. एक बारकं पोर, नाव विसरलो, त्याच्या ढोपराला गदका चाटून गेला, कुणी पाहिलं नव्हतं. ते आपणहून ओरडलं, "लागला!" आणि माझ्याकडं बघायला लागलं, मी "घ्या" म्हणावं म्हणून.

माझ्या तोंडून "घ्या" निघेना. त्याच दिवशी मी गाव सोडलं.

मग मी शिराळ्याला एका हलवायाकडं राहिलो, मेढ्याला लाकडं वाहिली, एका तमाशाच्या तंबूत पडदे ओढले. चार वर्षं. जाईन तिथं तालीम दिसली की उगाच दारात उभा राहायचो आणि आत न जाता पुढं जायचो.

आणि मागं इथं काय झालं? हे मला परवा आल्यावर कळलं. तुम्ही म्हणालात, वस्तादानंच पोराला घालवलं. चेला आपल्याहून मोठा होईल ह्या भीतीनं त्याला पोरं राखायला बसवलं. नाही म्हणू नका, म्हणालात. दोन घरांनी आपली पोरं तालमीतून काढून नेली. सांगलीच्या कुणा पाहुण्यानं तोंडावर विचारलं, "वस्ताद, तुमचं ते नावाजलेलं पोरगं कुठाय?" तेव्हा तात्या म्हणाले, "यील की."

त्यांनी एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. पोरगं खोटं बोललं, एवढंच. चार वर्षं त्यांनी ते वाक्य तोंडाबाहेर काढलं नाही. काकींपाशीही नाही. काकी, हे खरं ना? काकी हो म्हणतात.

काल नदीवर बाळगोंडाअण्णा भेटले. मी पळायच्या बेतात होतो, पण त्यांनी दंड धरला. त्यांनी सांगितलं, कोरेगावानंतर आठ दिवसांनी तात्या चालत त्यांच्या मळ्यात गेले होते. फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "बाळगोंडा, डाव तुझा व्हता. मी बघितलंय. पर तू कुणाला सांगू नगंस. त्येचं त्येला सांगू दे."

मी विचारलं, "आणि अण्णा, तुम्ही एवढी वर्षं गप्प बसला?"

तर हसून म्हणतात, "मला काय वझं? वार तुला लागलेला. तूच खांदा धरून हिंडत असशील म्हटलं."

तात्या आधीच म्हणाले होते, ह्याला लागला म्हणायला येत नाही. मला सगळं येत होतं, तेवढं एकच येत नव्हतं. दुसऱ्यांचं मला माहीत नाही. मी मोठ्या गटात का टिकलो नाही, त्याचं कारण हे. हाड नाही, लग्न नाही, वस्ताद तर नाहीच.

चार वर्षांत एकदा येऊन तात्यांच्या खाटेशी बसलो असतो तर काय बिघडलं असतं? कऱ्हाड काय लांब आहे? आठ दिवस ताप होता म्हणतात. आठ दिवसांत एकदा त्यांनी दाराकडं बघितलं असेल का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. काकी, सांगू नका. आज नको.

आता तुम्हां सगळ्यांसमोर, पंच म्हणून तुम्हीच आहात असं धरून, सांगतो.

बाळगोंडाअण्णा, लागला होता. डाव्या खांद्यावर, हाडाच्या जरा खाली. माझ्या वाराच्या आधी. डाव तुमचा.

तात्या, लागला.

मंडळी, आता सगळे उभे राहू या. गदका खाली केल्यावर आपण उभे राहायचो तसे. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. "घ्या" म्हणणारं माणूस गेलं.