दोन जिल्ह्यांचा गोलकीपर

टँकरच्या रांगेत कुसुम घागर घेऊन उभी होती. तिच्या मागं नव्यानं झालेल्या लातूर जिल्ह्याच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर शंकरप्पा आणि त्यांचा गोलकीपर उद्धव. तिनं वळून पाहिलं नाही. कान मात्र मागंच ठेवले.

"उद्धवा, जिल्हा तुटला म्हणून टीम तुटती का रे? आजवर एक मॅच हारलो न्हाई मी. संध्याकाळी जुन्या जिल्ह्याशी गाठ हाय, अन् तू त्यांच्याकडून खेळतो म्हणून राहिलास!"

"दोन्हीकडून खेळतो म्हणलो, अप्पा."

"येडा का खुळा?"

"घर माझं जुन्या जिल्ह्यात राहिलं, शेतातला गुरांचा आखाडा नव्यात गेला. घरी त्यांचा टँकर येतो, जनावरांना तुमचा. एकीकडं उभा राहिलो की दुसरीकडचं पाणी बंद."

"अरे, एक माणूस दोन गोल कसे राखंल?"

"एकच राखतो की. हाफटाइमला बाजू बदलतात ना? समद्यांना बदलू द्या. मी हाय तिथंच उभा राहतो. आधी त्यांचा, मग तुमचा."

"अन् समोरचा गोल?"

"तिथं त्यांचा गोलकीपर नागनाथ, तोबी हालणार न्हाई. त्यालाबी दोन टँकर हायेत."

रांग सरकली. कुसुमनं घागर नाइलाजानं पुढं ढकलली.

"म्हणजे पहिल्या हाफात माझ्याच पोरांचा बॉल तू अडवणार?"

"अडवीन की. तुम्हीच शिकवलंय. समोर कोण हाय ते बघायचं न्हाई, बॉल बघायचा."

"लई चांगलं शिकवलं का रे मी?"

"हाव अप्पा, लई."

"एखादा तरी सोड, लेका."