डावखुऱ्याचा खांदा

नातीचं लग्न झालं ते दोन हजार चोवीस साल. जूनच्या अकरा तारखेला मी दाखल्यासाठी ज्येष्ठांच्या रांगेत उभा होतो. पुढे आमच्या कसबा पेठेतले बद्रीनाथ कुलथे होते. त्यांचा तेजस बाजूच्या खुर्चीत बसून फोनवरच्या बेसबॉल संघासाठी चेंडू फेकणारे खेळाडू निवडत होता.

“बाबा, हा डावखुरा एकोणीस वर्षांचा आहे. वेग जबरदस्त.”

“मग घे.”

“खांदा दुखतोय त्याचा. पंधरा दिवस विश्रांती द्यावी लागेल.”

“माझाही डावा हात सकाळपासून दुखतोय.”

“तुमची रांग लहान, म्हणून तर आणलं. माझा अर्ज देऊन टाका, मग घरी जाऊन पडा.”

“मलाही घे की तुझ्या संघात.”

“अहो, तिथे चाळिशीत निवृत्त करतात.”

“सुखी आहेत.”

अर्ज जमा झाला. बद्रीनाथ कुलथे दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी वारले.