एक पेला सुरतचं पाणी

...नको म्हणे! पाणी नको! अहो, पाहुणा सहा तास पॅसेंजरमध्ये कोंबून आलाय, धुरळ्यानं मिशी तांबडी झालीय, आमची उषाबाई लख्ख घासलेल्या पेल्यात पाणी आणि बशीत गुळाचा खडा घेऊन दारात उभी, आणि पाहुणा दोन्ही हात वर करून म्हणतो, "मी सुरतनं पानी पेवाव नही!" आता काय करायचं सांगा! जेवण नको म्हणाला तर म्हणू पोट बिघडलंय, चहा नको म्हणाला तर म्हणू पित्त आहे, पण पाणी? एक पेला पाणी हो! दुसरं काय मागत होतो मी?

आणि मागं सहा रिक्षांतून एकवीस माणसं उतरतायत आणि त्यांच्याबरोबर अकरा कॅन! रॉकेलचे निळे कॅन राखेनं घासून त्यात गावच्या विहिरीचं पाणी भरून आणलेलं! सुरतेत येताना लोक बिस्तरा आणतात, ट्रंक आणतात, यांनी विहीर आणली!

थांबा, तुम्हाला काहीच कळत नसेल. पहिल्यापासून सांगतो. मी हेमराज, उषाबाई माझी बायको. बारा वर्षं इथं सुरतेच्या गोडादऱ्यात लूमवर कापड विणत काढली, खडाक खडाक खडाक, कान गेले निम्मे, म्हणून मी जरा मोठ्यानं बोलतो, राग मानू नका. मग पर्वत पाटियाला नऊ खोल्यांचं लॉज घेतलं. आमच्याकडे येतं कोण? बस्त्याची पार्टी! खान्देशात लग्न ठरलं की लग्नाचे कपडे, म्हणजे बस्ता, बांधायला निघायचं थेट सुरतेला, साड्यांच्या मार्केटात. आणि ते काय दोघं-तिघं येतात? नवरीची आई, नवऱ्याची आत्या, दोन मावशा कापड चोळून बघायला, एक मामा घासाघीस करायला आणि चार जणं नुसती रुसायला. तीन दिवस लॉज दणाणून जायचं. काय सांगू, त्या भांडणांचा आवाज ऐकला की मला देवळातली घंटा ऐकल्यासारखं वाटायचं.

आणि आला चौऱ्याण्णवचा प्लेग. अख्खं शहर स्टेशनकडे पळालं. गाड्यांच्या टपावर माणसं! आमच्या लॉजमधली शेवटची पार्टी तर मार्केटातल्या काउंटरवर अर्धी उलगडलेली साडी टाकून गेली. आणि गेली ती गेलीच. लग्नसराई आली, गेली. नऊ खोल्या, नऊ कुलपं. आणखी दोन सराया अशाच गेल्या असत्या तर मी परत लूमवर, बारा-बारा तास, आणि उषाबाई परत साड्यांना टिकल्या चिकटवायला. हे सरळ दिसत होतं समोर.

बरं, मध्यंतरी सुरत काही हातावर हात ठेवून बसली नव्हती हो! पालिका अशी काही पेटली की काय सांगू. आज या गल्लीतला उकिरडा गेला, उद्या त्या नाक्यावरचा. जिथं मी बारा वर्षं नाक दाबून पळालो तिथं रस्ता निघाला! खालून रस्ता! मला माहीतच नव्हतं तिथं रस्ता आहे! सगळ्या लॉजवाल्यांना, खाणावळवाल्यांना हुकूम, स्वयंपाकघराला पांढऱ्या लाद्या लावा, खिडक्यांना जाळ्या लावा, पाण्याची टाकी झाका. मी कुरकुरलो, खोटं कशाला सांगू, चार दिवस तोंड वाकडं करून फिरलो. पण एके सकाळी चहा पिता पिता दाराबाहेर बघितलं आणि कप हातातच राहिला. रस्ता बघत उभा राहिलो. नुसता रस्ता! झाडलेला, धुतलेला, त्यावर कोवळं ऊन. लाज नाही वाटत सांगायला, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

पण हे बघायला येतो कोण? माणूस तर फिरकेना! मी म्हटलं, पेपरात जाहिरात देऊ, स्टेशनवर पाटी लावू. उषाबाई म्हणाली, "जाहिरात बघीसनी पाहुणा येतस का? घाबरी गयेल लेक सासरहून आपली आपली येस का? तिले लेवाले भाऊ जास. तुम्ही मुऱ्हाळी जा." म्हणजे मी, लॉजचा मालक, माहेरवाशिणीला आणायला जातात तसा गिऱ्हाइकाला आणायला जायचं! आणि खरंच पाठवलं हो मला! टोपी घालून, पिशवीत अक्षता, कुंकवाची पुडी, गेलो दोंडाईच्याकडच्या एका खेड्यात, धुडकू आबांच्या दारात.

धुडकू आबाच का? तर चाळीस खेड्यांत लग्न जमलं की बस्ता कुठं बांधायचा हे आबा सांगतील तिथं. आबा म्हणाले धुळं तर धुळं, आबा म्हणाले मालेगाव तर मालेगाव. आणि त्यांच्याच नातीचं, रंजनाचं, लग्न ठरलं होतं. आबा चौऱ्याण्णवला आमच्याच लॉजमधून पळालेले, चार नंबरच्या खोलीतून. मी अक्षता दिल्या, पाया पडलो, म्हटलं सुरत आता आरशासारखी झालीय, बघायला तरी चला. आबांनी तासभर तंबाखू मळली. म्हणाले, "येसू. पन पानी मनं राही." पाणी माझं राहील! मी म्हटलं प्लेगचा आणि पाण्याचा काय संबंध, डॉक्टर सांगतात तो उंदरांवरून आला. तर म्हणाले, "का भो, उंदरं काय पानी पेतस नही?" आता याच्यावर बोला!

तर अशी ही पार्टी आली, मीच स्टेशनवर घ्यायला गेलो. स्टेशनवर उतरल्या उतरल्या आबांच्या तोंडात तंबाखूचा तोबरा. पिंक टाकायला मान वळवली, तर समोर झाडलेला फलाट. डावीकडे वळवली, स्वच्छ. बाहेर आले, रिक्षात बसले, मान बाहेर काढली, परत आत घेतली. मी शेजारीच बसलो होतो ना! या नाक्यावर बघतायत, त्या वळणावर बघतायत, डोळे मोठे मोठे होतायत, गाल फुगलेत, बोलता तर येत नाही, नुसतं बोटानं दाखवतायत, हे बघ, ते बघ! आयुष्यभर जिथं जागा दिसेल तिथं थुंकलेला माणूस, त्याला स्टेशनपासून पर्वत पाटियापर्यंत थुंकायला जागा सापडली नाही! लॉजमध्ये आल्यावर मोरीत धावले. बाहेर येऊन पहिलं वाक्य, "आठे माणसं ऱ्हातस का देव ऱ्हातस?" इथं देव राहतात म्हणे! मला वाटलं जिंकलो! उषाबाई पेला घेऊन पुढं झाली. आणि आबा म्हणाले, नही पेवाव.

सांगतो तुम्हाला, ते दोन दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. पार्टी मार्केटात जायची, साड्या बघायची, भांडायची, रुसायची, सगळं झकास, पण घोट घ्यायचा तो कॅनमधला. उषाबाईनं कणीक मळायची तीही त्यांच्या पाण्यानं. तिच्या चुलीवर, तिच्या पांढऱ्या लाद्यांच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी उकळत होतं. आणि ही बाई दर आठवड्याला पदर खोचून टाकीत उतरते हो! स्वतः! ब्रशनं तळ घासते, चारी कोपरे घासते, वर येते तेव्हा केसांपासून टाचांपर्यंत भिजलेली. मी शिडी धरून उभा असतो, मला वरून तळ दिसतो, इतका स्वच्छ की नाणं पडलं तर छापा का काटा ते वाचता येईल. आणि एक पेला कोणी घेईना! ती रोज तो भरलेला पेला परत न्यायची आणि घासून पालथा घालायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पालिकेचा माणूस आला. तो येतोच, पाणी तपासायला. पाण्यात क्लोरीनचं औषध नीट पडलंय का बघतो. अंगणातल्या नळाखाली काचेची बारकी नळी धरली, खिशातल्या बाटलीतले दोन-तीन थेंब टाकले, हलवली, पाणी पिवळं! छान पिवळंधम्मक! औषध बरोबर आहे, म्हणून मान हलवली त्यानं. आबा ओट्यावरून बघत होते. ताडकन उठले. "पानीले हळद लागनी!" लग्नघरचा माणूस ना तो! पिवळं दिसलं की त्याला हळदच दिसणार! मागं दोन्ही मावशा, आत्या, मामा, सगळे धावले, अगं बघ, पाण्याला हळद लागली, सुरतेत पाण्याला पण हळद लावतात! आबांचा चेहरा असा उजळला, असा उजळला... म्हणाले शकुन झाला! आणि मी सांगायला तोंड उघडतोय तोवर त्या माणसाच्या हातातली नळी घेतली आणि लावली ओठाला!

तो बिचारा किंचाळला, "ए काका! ए पीवानुं नथी! ढोळी नाखो, ढोळी नाखो!" ओतून टाका म्हणत झडप घातली, नळी हिसकली, पाणी मातीत! झालं! आबांनी माझ्याकडं बघितलं. "सरकारी माणूस सोता सांगस पेवू नको, आनि तू माले पाजाले निंघना?" मी हातापाया पडतोय, आबा, ते तपासायचं औषध हो, ते नळीतलं प्यायचं नाही, नळातलं प्यायचं! नळीतलं नाही, नळातलं! ऐकतो कोण! मामा कॅन उचलतोय, मावशा पेट्या बांधतायत, "चला, चला!" चाळीस खेडी डोळ्यांसमोरून उठून चालली होती. एक पेला पाणी हो... कुठून कुठं गेलं!

आणि तेव्हा उषाबाई पुढं आली. हातात तोच पेला. मला वाटलं आता स्वतः पिऊन दाखवील. नाही. आबांसमोर जमिनीवर बसली आणि विचारलं, "आबा, तुमले तव्हय कसं वाटनं?" आबा म्हणाले कधी? मग ती जे बोलली ते आमच्या अहिराणीत, तुम्हाला साध्या भाषेत सांगतो. म्हणाली, "काल कणीक मळताना रंजनानं सांगितलं मला. तुम्ही इथून पळून गावी गेलात, तर गावानं तुम्हाला आठ दिवस शेतात ठेवलं. सुरतेहून आलाय म्हणून कोणी जवळ आलं नाही. चाळीस खेडी ज्याला विचारतात त्याला पाणी द्यायला कोणी आलं नाही. ही पोर लांब बांधावर कळशी ठेवून पळायची. तेव्हा तुम्हाला जसं वाटलं ना आबा, तसं मला दीड वर्ष वाटतंय. मी आजारी नव्हते. मी कुठं पळालेही नाही. तरी माझ्या हातचं पाणी कोणी घेत नाही."

बस. एवढंच. आवाज सुद्धा चढवला नाही. मी तिचा नवरा, वीस वर्षांचा संसार, मला ठाऊक नव्हतं हो तिच्या पोटात हे आहे. मी नऊ कुलपं मोजत बसलो होतो आणि ही बाई...! मला तिच्याकडं बघायचं धाडस होईना.

आबा खाली बसले. उपरण्यानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग परत तोंड पुसलं. कोपऱ्यात रंजना हुंदके देत होती. मग त्या म्हाताऱ्यानं हात पुढं केला, आणि म्हणाले, "पानी दे वं, माय."

प्यायले! घटाघटा प्यायले! मी गळ्याकडं बघत होतो त्यांच्या, एक एक घोट खाली जाताना दिसत होता. पेला रिकामा. "आखो दे." दुसरा. तिसरा! मग मामा, मग मावशा, मग ती रुसायला आलेली चारही माणसं रांगेत! पालिकेचा माणूस अजून फाटकाशी उभा होता, त्याला काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्यानंही एक पेला घेतला. मी जत्रा बघितल्यात, लग्नं बघितलीत, पण अंगणात बावीस माणसं नुसतं पाणी पितायत, असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं.

चला, गोष्ट संपली, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! पार्टी बस्ता घेऊन गेली. आबा गेले नाहीत! म्हणाले, "आठ दिन रहासू. सुरत देखनी शे." रोज सकाळी काठी घेऊन निघतात, गल्ल्या बघतात, गटारं बघतात, झाडणाऱ्या बायांना रामराम करतात, संध्याकाळी येऊन मला सांगतात, आज अमक्या वळणावर एक कागद पडला होता, मी उचलला! नातीच्या लग्नाला गावी जाऊन आले, अक्षता टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी परत हजर! आठ दिवसांचे तीन महिने झाले. आता तर भुसावळ पॅसेंजरच्या वेळेला फलाटावर उभे असतात आणि खान्देशी टोपी दिसली की धरून आणतात, चला, पानी प्या, मग बोला! नऊच्या नऊ खोल्या भरल्यात. गच्ची भरलीय. माझी खाट पण गेली. मी सध्या मेहुण्याकडे, कुंदनकडे, गोडादऱ्याला झोपतो. तक्रार नाही हो, धंदा आहे.

काल सकाळी गोडादऱ्याहून आलो, तर दारात माझ्या खुर्चीत आबा. डोळ्यांवर चष्मा नव्हता, ओळखलंच नाही मला. मला म्हणतात, "या पाहुणा, बसा. कोनता गावना तुम्ही? उषा माय, पानी आन वं!" आणि आमची उषाबाई आली पेला घेऊन, मी दिसलो, तरी माघारी गेली नाही, पेला पुढं धरून हसत उभी राहिली.

घेतलं मी पाणी. त्या घरात आता नको म्हणायची सोय राहिलीय का?