सोनुन नाव घेत नाही

...अहो, पण नाव घ्यायला काय जातं हो हिचं? बेचाळीस वर्षं झाली लग्नाला! आता आमच्या किरगिझ बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, रीत आहे, मान्य... पण तुम्हाला सांगतो, मला 'ओमुरझाक' म्हणणारं गावात कुणी उरलंच नाही हो! आई होती, ती पलीकडच्या उतारावरून हाक मारायची, 'ओमुर... झाऽऽक!', दोन डोंगर ऐकायचे. गेली. मोठा भाऊ होता, तो पुढे शिवी जोडायचा, पण नाव घ्यायचा! तोही गेल्या पानगळीत गेला. आता मी सगळ्या गावाचा नुसता आजोबा. उरली कोण, तर ही सोनुन. आणि ही म्हणते, 'मीरगुलचे बाबा'!

तर आमच्या लेकीला, मीरगुलला, ह्या जानेवारीत मुलगा झाला, खिंडीपलीकडे, आणि पाळण्याला तर जायलाच हवं. गाडीरस्ता बर्फाने बंद. निघालो चालत. वाट कशी म्हणता? वरून पिठासारखा भुसभुशीत बर्फ, दिसायला अगदी गरीब... आणि खाली काच! झऱ्याचं पाणी वाटेवर येऊन गोठलेलं, थरावर थर. मी बुटांना लोकरीचा दोर गुंडाळला, हिच्या बुटांना घोड्याच्या नालाचे खिळे ठोकून दिले. ही पुढे, पाठीवर बोरसोकांचं, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, गाठोडं, टक टक टक... आणि वर मलाच, 'खाली बघा, मीरगुलचे बाबा! आभाळात काय ठेवलंय?' अगं, नाव घेऊन सांग, बघतो की!

आणि गेलो की हो! पाय सुटला, बूड टेकलं, चाळीस हात सरळ खाली! काठी एकीकडे, टोपी एकीकडे, आणि मी धप्पकन बर्फाच्या खड्ड्यात, गळ्यापर्यंत. हाडं चाचपली, शाबूत. ओरडणार, तेवढ्यात डोक्यात आलं... वरून तर मी दिसतच नाही! म्हणजे हिला हाक मारावीच लागणार. आता घेते!

'मीरगुलचे बाबा!' मी गप्प. 'अहो, ऐकलंत का!' गप्प. 'अहो घोरणारे!' ...गिळलं. 'अहो, लंगड्या घोड्याचे मालक!' आणि मग वरून काहीतरी आलं, ठक्क! कपाळावर. कुरुत! आमच्याकडचे सुक्या दह्याचे गोळे, दगडाला लाजवतील असे, एकेक भिरकावत होती, कुठे 'आई गं' ऐकू येतं ते बघायला! पाय बधिर, मिशीत बर्फ, तरी ओ दिली नाही. एकदा, फक्त एकदा... नाव घ्यायला काय जातं?

मग वर सगळं शांत झालं. आणि मग रडणं ऐकू आलं. 'अगं, आहे मी!' म्हणून ओरडलो, तोवर ही बर्फावर बसून घसरत आली, गाठोड्यासकट, बोरसोक उधळत. दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं... आणि दिली एक ठेवून!

'जिवंत होतात तर ओ का दिली नाहीत?'

'नाव का घेतलं नाहीस?'

माझी टोपी शोधून आणली, झटकली, कानांवर ओढली. आणि हळूच म्हणते, 'बांधून ठेवलंय.'

'काय?'

'तुम्ही गेल्यावर बायकोने गायचं गाणं. मोठे भावजी गेले तेव्हा जाऊबाईंना गाताना काही सुचेना, बायका तोंडाला रुमाल लावून बघत होत्या. म्हणून आधीच बांधलं. नाव आहे त्यात.'

'कितीदा?'

'सतरा कडवी आहेत. प्रत्येकात.'

सतरा वेळा! मी बर्फात गुडघ्यांवर बसलो हो! 'अगं, एक कडवं गा ना. अर्धं गा!'

'अभद्र कुठले! जिवंत माणसाचं गातात का कधी? उठा, मीरगुलचे बाबा, नातू वाट बघतोय.'

गाईल हो, गळा चांगला आहे तिचा. अख्खं गाव ऐकेल, सतरा वेळा ओमुरझाक! मी तर अगदी पुढ्यातच असणार... आणि ओ द्यायची सोय नाही!