कैद्यांच्या गाडीतली अंगारकी

नाव अक्षता राजन सावर्डेकर, वय २९ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम. राहणार स्कारबरो, एका घराच्या बेसमेंटमध्ये. सध्या मुक्काम महिला तुरुंग. मूळ गाव चिपळूण.

मी आज ८ नोव्हेंबर २०१७ रोजी टोरोंटो येथील पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून, दुभाषी शोभाताई यांच्यामार्फत विचारल्यावरून माझ्या भाषेत सांगते की, मी कॉलेजच्या व्हिसावर या देशात आले. परमिट संपल्यावरही काम करत राहिले, म्हणून इमिग्रेशनने मला ताब्यात घेतले. त्यांच्याकडे जागा नसल्याने मला तुरुंगात ठेवले आहे. माझ्यावर चोरीमारीचा गुन्हा नाही, हे आधी लिहून घ्यावे.

मंदाकिनी विश्वनाथ गोरक्षकर, वय सहासष्ट, यांना मी तुरुंगातच ओळखू लागले. मी त्यांना काकू म्हणते. त्या सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर इकडे आल्या; नवरा आता हयात नाही. घरातल्या भांडणात सुनेने तक्रार केली आणि बेलवर सोडताना त्या घरात पाऊल टाकायचे नाही अशी अट घातली गेली. भांडणात कोणाचे चुकले ते मला माहीत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी देवांपुढे दिवा कोण लावणार म्हणून त्या घरी गेल्या. दिवा लावला, हात जोडले आणि तिथेच अटक झाली. एवढ्यासाठी माणूस आत येतो, यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता.

काकूंना डायबेटिस आहे. काल मंगळवारी आम्हा दोघींना एकाच गाडीने शहरात नेणार होते, त्यांना कोर्टात आणि मला सुनावणीला. पहाटे नर्सने औषधांच्या गाड्याजवळ त्यांना इन्सुलिनचे इंजेक्शन दिले. ब्रेकफास्ट मिळाला का असे तिने विचारले. काकूंच्या हातात खाण्याची कागदी पिशवी होती, त्या हो म्हणाल्या. मिळाला होताच. खाणार का, असे तिने विचारले नाही.

गाडीची वाट पाहताना काकूंनी ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. दिवाळीपासून बोटांवर दिवस मोजून त्यांनी काल अंगारकी असल्याचे काढले होते. अंगारकीला त्या चंद्रोदयापर्यंत पाणीही घेत नाहीत. घरी त्या दिवशी त्या इंजेक्शनही घेत नसत. इथे नर्स सुई घेऊन समोर उभी, तिला नाही म्हणायचा धीर झाला नाही. मी त्यांना चांगले झापले. ज्यूस तरी प्या म्हटले. चाळीस वर्षे करतेय, काही होत नाही, असे म्हणून त्या हसल्या. सँडविच मी खाल्ले. ज्यूसचा लहान खोका मी अस्तनीत लपवला. परतीच्या वाटेवर त्यांच्या गळी उतरवायचा असा माझा बेत होता. गाडीत खाण्याची वस्तू न्यायला बंदी आहे, हे मला माहीत होते.

गाडीच्या मागच्या भागात लोखंडी कप्पे आहेत. एका कप्प्यात एक बाई, हातापायांत बेड्या, खिडकी नाही. काकू माझ्या शेजारच्या कप्प्यात होत्या. मधल्या पत्र्याला हवेसाठी बारीक भोके आहेत. त्यातून आवाज येतो, माणूस दिसत नाही. औषधे नावाच्या चिठ्ठीसह पुढे अधिकाऱ्यांजवळ असतात. शुगर उतरली की चघळायच्या काकूंच्या ग्लुकोजच्या गोळ्याही तिथेच होत्या.

हायवेवर बर्फामुळे गाडी खोळंबली. किती वेळ, असे मला विचारण्यात आले. बेड्या घातलेल्या माणसाकडे घड्याळ नसते. काकू आधी अथर्वशीर्ष पुटपुटत होत्या. मग त्या तेच तेच परत म्हणू लागल्या. मग थांबल्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "गौरांगी, दिवा विझलाय बघ." गौरांगी हे त्यांच्या सुनेचे नाव. इन्सुलिन घेऊन पोट रिकामे, त्यांची शुगर उतरली हे मी ओळखले.

मी दोन्ही पायांनी दारावर लाथा मारल्या. तसे करणाऱ्याच्या नावावर शेरा बसतो आणि सुटका लांबते, हे मला ठाऊक होते, तरी मारल्या. पुढचे अधिकारी स्पीकरवरून बोलले. मी ओरडून सांगितले की शेजारच्या बाईंची शुगर लो झाली आहे, त्यांच्या गोळ्या द्या. त्यांनी काकूंना विचारले, "मॅम, यू ओके बॅक देअर?"

काकू म्हणाल्या, "येस, येस. आय ॲम फाइन. सॉरी फॉर द ट्रबल."

हे त्या अगदी स्पष्ट बोलल्या. ताप असला तरी आलेल्या माणसाला चहा विचारणारी ही पिढी. अधिकाऱ्यांना मी सांगितले की त्या असेच म्हणणार, त्यांचे ऐकू नका. ते म्हणाले, गाडीत नर्स नाही, औषधाच्या पिशवीला हात लावायची आम्हाला परवानगी नाही, कोर्टात पोचल्यावर बघू. शिवाय कोर्टाच्या दिवशी सगळेच आजारी पडतात, असेही म्हणाले. मग स्पीकर बंद झाला. मी पुन्हा लाथा मारल्या, पण उत्तर आले नाही.

पलीकडून घोरल्यासारखा आवाज येऊ लागला. मला इतकी भीती आजवर वाटली नव्हती. अटकेच्या दिवशीही नाही. मी ज्यूसची स्ट्रॉ ओढून लांब केली आणि पत्र्याच्या भोकातून पलीकडे घातली. काकूंना सांगितले, तोंड इकडे करा, हे प्या. त्या जड जिभेने म्हणाल्या, "उपास आहे गं." मी शिव्याही दिल्या, त्या लिहिण्यासारख्या नाहीत. त्या तेच म्हणत राहिल्या.

मग मी म्हणाले, "काकू, तीर्थ घ्या. अंगारकीचं तीर्थ आहे."

पलीकडे बेडी वाजली. हात पुढे करत असाव्यात. मी म्हणाले, हात नको, तोंड लावा. मी खोका दाबला. पहिल्यांदा नुसतेच टपटपल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा स्ट्रॉ हलली आणि घोट घेतल्यासारखे मला वाटले. वाटले, असेच लिहावे. मी पाहिलेले नाही. खोका संपेपर्यंत दाबत राहिले आणि तोंडाने, येत होते तितके अथर्वशीर्ष म्हणत राहिले. त्यानंतर पलीकडून शब्द आला नाही. श्वास ऐकू येत होता.

कोर्टाच्या तळघरात दार उघडल्यावर काकू पत्र्याला डोके टेकून पडलेल्या होत्या. हनुवटीवर ज्यूस होता. तेव्हा सगळे धावले. अँब्युलन्स आली. माझ्या अस्तनीतून रिकामा खोका काढून पारदर्शक पिशवीत बंद करण्यात आला. बंदी असलेली वस्तू बाळगल्याबद्दल मी वेगळे उत्तर द्यायचे आहे, असे मला सांगितले. ती वस्तू माझ्याजवळ होती, मी नाकारत नाही. माझी सुनावणी पुढे ढकलली आहे.

काकू आता कशा आहेत, असे मी तीन जणांना विचारले. तुम्ही त्यांच्या कोण, असे तिघांनीही विचारले. नात्यातली नसेन तर सांगता येत नाही म्हणाले. शोभाताईंनी आज विचारून घेतले, तेव्हा एवढेच कळले की त्या आयसीयूत आहेत आणि अजून डोळे उघडलेले नाहीत.

आज मला इथे आणले त्या गाडीत पुढे कालचेच अधिकारी बसले होते.  हा जबाब संपला की मला त्यांच्याच गाडीने परत जायचे आहे. मला दमा आहे. माझा पंप पुढच्या पिशवीत असतो. मला भीती वाटते, हे शब्द जसेच्या तसे लिहावेत.

आणखी एक सांगायचे आहे. ते प्रश्नाला धरून नाही असे साहेब म्हणाले, पण मी ते लिहून घ्यायला लावले आहे. काकूंचा उपास अजून सुटलेला नाही. काल तुरुंगाच्या खिडकीतून चंद्र दिसला नाही, पण उगवला असणारच. त्यांनी डोळे उघडले तर चंद्रोदय होऊन गेला, आता जेवा, असे त्यांना कोणीतरी मराठीत सांगावे. इंग्रजीत विचारले तर त्या फाइन म्हणतील.

हा मजकूर शोभाताईंनी मला पहिल्यापासून मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.

अक्षता राजन सावर्डेकर