दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

कपडे धुवायच्या दुकानात, गरगरणाऱ्या यंत्रांसमोर, इंटर्नशिपसाठी या परमुलखात आलेल्या दोघी बसल्या होत्या. इथे आपली भाषा कोणाला कळतेय, या खात्रीने मोठ्याने बोलत होत्या. मी शेजारीच होतो.

"परदेशात राहिलं की माणसाची दृष्टी विशाल होते!"

"अहो विशालदृष्टी, तुमचा लाल मोजा माझ्या पांढऱ्या शर्टाबरोबर फिरतोय."

"अगं बाई! चुकलं. घे, बिस्किट खा."

"नको."

"बरं, राहिलं. काय गं, बाबा आजारी होते तेव्हा साहेबांनी रजा नाही दिली?"

"स्वतःहून विचारलं की, घरी जायचंय का म्हणून. मी म्हटलं, नको, काम आहे."

"असं कशाला म्हणालीस?"

"पहिल्या फटक्यात कोणी हो म्हणतं का? दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा म्हणणार होते."

"मग?"

"थँक्यू म्हणाले आणि गेले. मी रोज त्यांच्या दाराकडे बघत बसायची. शेवटी दादाचा फोन आला, बाबा गेल्याचा."

"अरे देवा."

"बाबांना नको म्हटलं, की ते ताटात वाढूनच मोकळे व्हायचे गं."

"रडू नकोस, राणी."

"नाही रडत. ऐक ना, ते बिस्किट… परत एकदा विचार ना."